पुनर्जन्म नव्हे, पुनरुत्थान

महोदय,
२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कोकणातल्या ख्रिस्ती कबरींवर मेणबत्त्या लागतात, आणि बातम्यांत हमखास ‘पुनर्जन्म’ छापून येतो. ख्रिस्ती श्रद्धा पुनर्जन्माची नाही, याच देहाच्या पुनरुत्थानाची, म्हणजे तो पुन्हा जिवंत उठण्याची आहे. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात बियाण्याचा दाखला दिला: पेरतो तो दाणा, उगवते ते रोप. भाताचा तरवा लावणाऱ्याला हे वेगळे काय सांगायचे! देह मातीत विरला, जळाला, तरी आशा तीच. म्हणूनच १९६३ पासून कॅथलिकांना दहनाची मुभा आहे. राख मात्र समुद्रात सोडायची नाही, हवेत उधळायची नाही. २०१६च्या व्हॅटिकन सूचनेनुसार ती दफनभूमीत किंवा चर्चने नेमलेल्या पवित्र जागी ठेवायची.

– एक वाचक, वेंगुर्ले