गॉथिक फर्निचर ओळखावे कमानीवरून

मा. संपादक,

बडोद्यातल्या जुन्या घरांतून निघालेले काळपट, भरपूर कोरलेले कोणतेही कपाट हल्ली ‘गॉथिक’, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या शैलीचे, म्हणून विकले जाते. यात पैसे जातात ते जातातच, शिवाय वस्तूची खरी ओळख पुसली जाते.

आधी कमान पाहावी. गॉथिक कमानीत दोन वर्तुळखंड वर टोकाला मिळतात. साध्या प्रकारात त्यांची त्रिज्या कमानीच्या रुंदीइतकीच असते. कमान ३० सेंमी रुंद असेल, तर ३० सेंमी दोरी एका पायथ्याशी धरून फिरवावी. ती समोरच्या कडेवरून थेट टोकापर्यंत जाते. तीन-चार पाकळ्यांची जाळी या कमानीच्या पोटात असते. कमानीची कडाच पाकळ्यांची असेल, तर ती बहुधा आपली मुघल-मराठा वळणाची महिरप. आपला लक्ष्मी विलास राजवाडा (१८९०) इंडो-सारासेनिक आहे, त्यात अनेक शैली मिसळल्या आहेत. म्हणून ‘राजवाड्यातला नमुना’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

घडी घातलेल्या कापडासारखे उभे कोरलेले पॅनेल ही दुसरी खूण. पीळदार पाय सतराव्या शतकातल्या फॅशनचे आणि बाकदार पाय अठराव्या, म्हणजे दोन्ही मूळ गॉथिकनंतरचे.

मूळ गॉथिक काम बारावे ते सोळावे शतक या काळातले, उत्तर युरोपात बहुतेक ओकचे. आपल्याकडच्या सागवानी किंवा शिसवी वस्तू फार तर एकोणिसाव्या शतकातल्या पुनरुज्जीवनाच्या वळणाच्या. तेव्हा सागाचे कपाट ‘पाचशे वर्षांचे’ म्हणणाऱ्याशी भाव करूच नये.

गॉथिक पुनरुज्जीवनाच्या चळवळीचे इंग्लंडमधले अग्रणी, वास्तुकार प्युजिन यांचा आग्रह होता की जोड लपवू नयेत. म्हणून कुसू (दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसवलेले टोक) आणि ते पक्के करणाऱ्या लाकडी खुंट्या शोधाव्यात. जुनी खुंटी बोटाला किंचित वर आलेली लागते, कारण लाकूड आडवे आकसते, लांबीत जवळजवळ नाही: भोवतालची चौकट आकसते, खुंटीची लांबी तशीच राहते. कोरीवकामाचे आतले कोपरे पटाशीने टोकदार निघतात. राऊटर या विजेवर फिरणाऱ्या कोरणीयंत्राने गोलसर राहतात. अधिक चिन्हाचे स्क्रू १९३० च्या दशकापासूनचे, पण एखादाच असेल तर ती दुरुस्तीही असू शकते.

घेतल्यावर कॉस्टिक सोड्याने पॉलिश उतरवू नये. त्या पाण्याने सरस सुटतो, सांधे हलतात, लाकूडही काळवंडते. जाळीवर पॉलिश पेपर घासला की धार जाते, ती परत येत नाही. आणि पॅनेल खाचेत सैल वाटले म्हणून फेव्हिकॉलने चिकटवू नये: ते मुद्दाम सैल ठेवलेले असते, पावसाळ्यात फुगायला आणि उन्हाळ्यात आकसायला जागा मिळाली नाही, तर मधोमध तडकते.

— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे