मुंडकं खिडकीबाहेर आणि हेडिंग ‘सुरक्षित प्रवास’

संपादक साहेब, नमस्कार.

कुत्र्याला घेऊन प्रवासावरचा परवाचा लेख काल जेवण करून निवांत वाचला. लेख तसा बरा होता, निघायच्या आधी 3-4 तास पोटभर खायला घालू नका म्हणालात ते तर शंभर टक्के बरोबर, आमच्या वहिनींनी चोर्ला घाटात जाताना गुंड्याला दूध-चपाती चारली होती, त्याचा वास गाडीतनं महिनाभर गेला नव्हता. पण वर फोटो कसला छापलात ओ? कुत्र्याचं मुंडकं खिडकीबाहेर, कान वाऱ्यावर. फोटो लावणाऱ्यानं लेख वाचला तरी होता काय?

चिडतोय कारण भोगलंय. दोन वर्षांमागं जानेवारीत कोल्हापूरला मुलीकडं निघालो होतो, उसाचा सीझन, संकेश्वरच्या पुढं ट्रॉल्यांची ही रांग. गुंड्याला वारं आवडतं म्हणून काच मीच खाली केली (मिसेस नको म्हणत होत्या, ते आजपर्यंत ऐकून घेतोय). ट्रॉलीला ओव्हरटेक करताना पाचटाचं काय उडालं कोण जाणे, बिचारा कळवळून आत आला आणि पंजानं डोळा चोळायला लागला. निपाणीत थांबून पाण्यानं धुतला, वाटलं झालं. दुसऱ्या दिवशी डोळा उघडेचना. डॉक्टरांनी रंगाचा थेंब घालून बघितलं तर बुबुळावर ओरखडा. मग दिवसातनं चार वेळा ड्रॉप्स, गळ्यात ते प्लॅस्टिकचं नरसाळं, ते घेऊन घरभर दारा-खुर्च्यांना धडकत फिरायचा. डोळा वाचला, पांढरा ठिपका मात्र राहिला तो राहिलाच.

आता मागच्या सीटवर छातीचा पट्टा घालून सीटबेल्टला अडकवतो. गळपट्ट्याला नाही हं, जोरात ब्रेक लागला तर मानेला हिसका बसतो. आधी आठवडाभर गाडी दारातच उभी करून आत नुसतं बसवायचो आणि बिस्कीट द्यायचो, आता गाडी बघितली की शहाण्यासारखा चढून बसतोय.

आणखी एक, काच थोडी उघडी ठेवून गाडी सावलीत लावा म्हणून कुणी लिहायला सांगितलं? सावली सरकते की! बाहेर 35 अंश असलं तर दहा मिनिटांत आत 45 च्या आसपास जातंय, बोटभर फटीनं काय होणार? कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते गार होतंय. चहाला उतरायचं असलं तर एकानं त्याच्याजवळ थांबावं, एवढंच.

आणि ‘रेल्वेनंही नेता येते’ हे एवढं एकच वाक्य? फर्स्ट एसीचा अख्खा कूपे (दोन बर्थची बंद खोली) नाहीतर चार बर्थची केबिन आपल्या नावावर लागते, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. थ्री टायरला चालत नाही, हे नको होतं सांगायला? मिरजेपर्यंत जायला अख्खा कूपे घेणारे वाचक तुमच्याकडं भरपूर असतील तर माझं काही म्हणणं नाही.

जाता जाता, दुसऱ्या रेल्वे गेटवरचं माझं मागचं पत्र तुम्ही अर्धं कापलंत आणि नेमका मुद्दाच गेला. हेही कापणारच असाल तर रेल्वेचं कापा, फोटोचं तेवढं ठेवा.

आपला,
एक जुना वाचक, टिळकवाडी, बेळगाव