डॉक्टर ताई, तुमचा स्कार्फ अजून आमच्याकडंच आहे

ताई, फोन केला की दर वेळी गळा दाटून येतो अन् बोलायचं ते राहूनच जातं, म्हणून आज लिहायला बसले. वयानं तुम्ही माझ्याहून लई लहान, तरी ताईच म्हणते.

दिवाळीत लेकानं हट्ट करून इग्वानाची, म्हणजे पाला खाणाऱ्या मोठ्या सरड्याची, दोन पिल्लं आणली, बाजी आणि चिंगू. दुकानदार म्हणला एकटं पिल्लू कंटाळतं, जोडी न्या, एकाच पिंजऱ्यात सोडा, आपोआप ओळख होते. आम्ही सोडली. एकच बल्ब, एकच ताटली. बाजी सारखा चिंगूच्या पाठीवर चढून बसायचा आणि आम्ही म्हणायचो बघा किती माया आहे, फोटो काढून सगळ्या पाव्हण्यांना पाठवले. ते फोटो आता बघवत नाहीत. माया नव्हतीच ती, वरचा ऊब घ्यायलाय आणि खालच्याला बल्बचा उजेडसुद्धा मिळत नाही असं चाललं होतं. चिंगू काळवंडत गेला, खायचा बंद झाला, मग एक दिवस शेपटीच्या टोकाला चावा दिसला.

दुकानदाराला फोन केला तर म्हणे खेळायलेत हो ते. एका डॉक्टरकडं नेलं तर ते खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत, डब्याचं झाकण उघडलं नाही, "सरड्याला कोण दवाखान्यात आणतं" म्हणून हसले, तेही लेकरासमोर. तेरा वर्षांचं लेकरू, डबा छातीशी धरून उभं होतं. शेजारी म्हणायलेत घोरपड पाळली, आता पोलीस येणार. घोरपड आपल्याकडची, ती कायद्यानं पाळताच येत नाही, आणि इग्वाना मध्य-दक्षिण अमेरिकेतला, त्याची सरकारकडं नोंदणी करावी लागते, हेसुद्धा आम्हाला तुमच्याकडूनच कळलं.

तुम्ही तर गाई-म्हशींच्या डॉक्टर. दिवसभर गोठे फिरून रात्री आठला आलात, आणि आल्या आल्या औषध नाही का इंजेक्शन नाही, फरशीवर मांडी घालून अर्धा तास नुसत्या बघत बसलात. बाजीनं मुंडकं वर-खाली केलं, गळ्याखालची झालर फुगवली, की चिंगू लगेच डोळे मिटून अंग चपटं करायचा. तुम्ही लेकाला हळूच म्हणालात, "बघ, तो घाबरायलाय. आपल्याला वाटतंय झोपला." मग दोघांना वेगळं करायला सांगितलं. बाजीला जुन्या काचेच्या टाकीत हलवलं, पण दोघं एकमेकांना दिसायलेतच, आणि नुसतं दिसलं तरी चिंगूला भीती. घरात पुठ्ठा सापडेना. तेव्हा तुम्ही गळ्यातला स्कार्फ काढला आणि दोन्हींच्या मधी बांधला.

एवढंच केलं तुम्ही. पण ताई, परभणीची थंडी, रात्रीचे दहा, आणि तुम्ही तोंडाला काही न बांधता स्कूटीवर गेलात. मी माझी शाल आणेपर्यंत गाडी सुरू केली होती. मी दारात उभी राहून किती वेळ तुमचा लाल दिवा बघत होते. घरच्या माणसासाठीसुद्धा माणूस एवढं करत नाही, तुम्ही अनोळखी घरातल्या मूठभर जीवासाठी केलं. फीचं विचारलं तर म्हणालात आधी त्याला खाऊ द्या.

तिसऱ्या दिवशी त्यानं जास्वंदीचं फूल खाल्लं. लेक शाळेला गेलाच नाही त्या दिवशी, मीसुद्धा रागावले नाही.

आता तुमच्या सांगण्यासारखंच चाललंय. दोघांना वेगळा बल्ब, वेगळी ताटली, दर रविवारी किचनच्या काट्यावर वजन. चिंगू ३८ ग्रॅमवरून ५७ वर आलाय. पाला शेवग्याचा, आणि चुलत दिराकडची तुती, ती रेशमाच्या अळ्यांसाठी लावलेली म्हणून फवारणीची भीती नाही. हात साबणानं धुतल्याशिवाय कुणी जेवायला बसत नाही. दोघांच्या शेणाची तपासणी झाली, आणि मागच्या आठवड्यापासून स्कार्फ दिवसातून दहा मिनिटं बाजूला करतो. बाजी मुंडकं हलवायला लागला की परत पडदा. लेकाला मी विचारलं, हे दोघं कधी एकत्र राहतील का रे, तर तो म्हणाला नाही राहिले तरी चालतंय, ताई म्हणाल्या जंगलात पिल्लं घोळक्यानं राहतात पण तिथं पळून जायला अख्खं झाड असतं, पिंजऱ्यात कुठं जातील. आणि दोन्ही नर निघाले तर मोठेपणी भांडणारच. त्याला हे एवढं समजलंय, कारण कुणीतरी त्याच्याशी मोठ्या माणसासारखं बोललं.

त्या दुसऱ्या डॉक्टरांवरचा राग अजून गेला नाही माझा. येत नसेल तर येत नाही म्हणावं, त्यात काय कमीपणा. पण लेकराला हसू नये. तुम्हीसुद्धा म्हणालाच होतात की मला सरपटणाऱ्या प्राण्यांचं फार येत नाही, रात्री वाचते आणि सांगते, आणि खरंच साडेअकराला मेसेज आला होता.

आता मधी प्लायवूड बसवणार आहोत, मग तुमचा स्कार्फ धुऊन इस्त्री करून ठेवते. शेतात हुरडा आलाय. येत्या रविवारी या, स्कार्फ घेऊन जा, आणि चिंगूला एकदा हातावर घेऊन बघा, आता तो डोळे मिटत नाही.