सायबेरिया निर्मनुष्य नाही

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत रशियाच्या सहलीवरचा लेख वाचला. मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्गचं वर्णन मनापासून केलेलं आहे. खटकलं ते शेवटचं वाक्य, 'त्यापुढे उरतो तो सायबेरियाचा निर्मनुष्य, बर्फाळ पट्टा.' मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि नकाशाच्या त्या भागावर पट्टी ठेवून मुलांना जवळजवळ हेच सांगत आलो. निवृत्तीनंतर एका जूनमध्ये सायबेरियातल्या याकुत्स्क शहराला जाण्याचा योग आला. तेव्हापासून असं काही छापून आलेलं दिसलं की गप्प बसवत नाही.

याकुतिया, म्हणजेच सखा प्रजासत्ताक, क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या दहापट. लोकसंख्या जेमतेम १० लाख. आपल्या एकट्या नाशिक शहरात याहून जास्त माणसं राहतात. वस्ती विरळ आहे हे खरं, पण निर्मनुष्य कसं म्हणायचं? त्यातले निम्म्याच्या आसपास लोक स्वतःला 'सखा' म्हणवतात. आपल्या 'सखा'शी त्याचा काही संबंध नाही, तरी मराठी कानाला बरं वाटतं. त्यांची भाषा तुर्की कुळातली. पूर्वज दक्षिणेकडून, बैकल सरोवराच्या बाजूने, घोडे आणि गुरं घेऊन लेना नदीच्या खोऱ्यात आले. जानेवारीत पारा उणे ४० च्याही खाली उतरतो अशा ठिकाणी त्यांनी गायी राखल्या. जुन्या घरांत गोठा घराला लागूनच, माणसं आणि जनावरं एका छपराखाली. हे ऐकलं तेव्हा मला जावळी खोऱ्यातलं माझं आजोळ आठवलं. घोडे मात्र हिवाळाभर उघड्यावर असतात आणि खुरांनी बर्फ उकरून खालचं गवत खातात.

शिक्षक म्हणून मला सर्वांत जास्त शिकवलं ते तिथल्या जमिनीने. १८२८ साली शेर्गिन नावाच्या व्यापाऱ्याने याकुत्स्कमध्ये पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. वर्षानुवर्षं खणत तो ११६ मीटरपर्यंत गेला, तरी खाली गोठलेली मातीच. आजही शहरातल्या इमारती खांबांवर उभ्या असतात, कारण घराची ऊब मातीला लागली तर माती वितळते आणि इमारत खचते. खेड्यांत लोक तळ्याच्या बर्फाच्या लाद्या कापून ठेवतात आणि पिण्यासाठी त्या वितळवतात. आणि याच जमिनीतला बर्फ कुठे कुठे शेकडो वर्षांत वितळून जमीन खाली बसते, तिथे गोलसर कुरण तयार होतं, मधोमध बहुधा तळं. त्याला सखा लोक 'अलास' म्हणतात, आणि जगभरचे भूशास्त्रज्ञ आता हाच शब्द वापरतात. गुरांचा वर्षाचा चारा या अलासांवर निघतो. म्हणजे ज्या गोठलेल्या मातीमुळे आम्ही तो प्रदेश 'ओसाड' ठरवला, तिच्याच पोटातून त्यांचं गोकुळ उभं राहिलं! आता हवामान तापतंय, जमीन वेडीवाकडी खचतेय, कुरणं उंचसखल होतायत. ही काळजी तिथल्या प्रत्येक गाववाल्याच्या बोलण्यात होती.

निसर्ग पाहायचा तर लेनाकाठचे दगडी खांब आहेत. सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या, कँब्रियन काळातल्या चुनखडीचे सुमारे १०० मीटर उंच सुळके, उणे ६० ते अधिक ४० अशा तापमानाच्या फेऱ्यांनी तासलेले. २०१२ पासून ते जागतिक वारशात आहेत. फोटो सगळीकडे मिळतात, त्यावर अधिक लिहीत नाही.

लिहायचं आहे ते इसिआखविषयी. २१ जूनच्या सुमारास, दिवस सर्वांत मोठा असताना, हा सण होतो. रात्र अशी पडतच नाही. पुरोहित 'अल्गिस', म्हणजे आशीर्वचन, म्हणत कुमिस, घोडीचं आंबवलेलं दूध, अग्नीला आणि गवताला शिंपडतो. तेच कुमिस 'चोरोन' नावाच्या कोरीव लाकडी चषकातून सगळे पितात. मग ओसुओखाय. हातात हात गुंफून फेर धरायचा, एकाने ओळ रचून गायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची, जशी भजनात बुवांची ओळ टाळकरी झेलतात. पहाटे सूर्य वर येऊ लागला की हजारो माणसं तळहात त्याच्याकडे करून स्तब्ध उभी राहतात. नऊ महिने थंडीशी झगडलेल्या लोकांचं ते सूर्यदर्शन होतं. माझेही हात आपोआप जोडले गेले.

तिथेच ओलोन्खोचा थोडा भाग ऐकला. ही त्यांची महाकाव्यं, हजारो ओळींची, पूर्वी रात्र रात्र चालणारी. वरचं, मधलं आणि खालचं अशी तीन जगं, आणि मधल्या जगाच्या रक्षणासाठी लढणारे वीर. पोवाड्याला डफ लागतो, झीलकरी लागतात. इथे वाद्य नाही, साथ नाही. एकच माणूस कथा भराभर सांगतो आणि प्रत्येक पात्राचं बोलणं वेगळ्या चालीत गातो. श्रोते मधूनच 'नोऽ!' म्हणून दाद देतात. आपण गोष्टीला हुंकार देतो ना, तसंच. २००८ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत रशियातल्या दोन परंपरा गेल्या. एक ओलोन्खो, दुसरी बैकलपलीकडच्या 'सेमेइस्की' लोकांची. रशियन चर्चमधल्या धर्मसुधारणा न मानल्यामुळे १८ व्या शतकात तिकडे धाडलेल्या जुन्या श्रद्धेच्या रशियनांचे हे वंशज आपलं समूहगान अजून जपून आहेत. दोन्ही परंपरा त्याच 'निर्मनुष्य' पट्ट्यातल्या आहेत.

एक विनंती आहे. महाराष्ट्रातली कितीतरी मुलं वैद्यकीय शिक्षणासाठी रशियाच्या वेगवेगळ्या प्रांतांत राहतात. तिथल्या घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात काय शिजतं, बाजारात कोणती भाषा ऐकू येते, सणाला लोक कुठे जमतात, हे त्यांना सहलीच्या कंपन्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे. आपण त्यांच्याकडून लिहून घ्या. मराठीत, त्यांच्या शब्दांत, आणि गावांची, माणसांची, सणांची नावं तिथले लोक उच्चारतात तशी छापून. पहिला लेख याकुत्स्कहून आला तर मला फार आनंद होईल.

आपला वाचक,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, सातारा