सुरूदार खांबांविषयी

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. आम्ही सारे बरे आहोत. आईचा गुडघा तसाच आहे.

वाडा अखेर उतरवला. मी ओसरीचे दोन सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडासारखे निमुळते कोरलेले खांब, त्यांवरची आडवी तुळई आणि माईंचा झोपाळा मागून घेतला आणि तेव्हापासून ते कोथरूडच्या फ्लॅटमध्ये कसे नांदवावेत, याखेरीज मला दुसरे काही सुचत नाही. खांब नऊ फुटांचे आणि खोली साडेनऊ फुटांची असल्याने खालचे फूटभर उंचीचे दगडी तळखडे बसत नाहीत. सजावटकार खांबच कापा म्हणतात. पण ज्याचे सौंदर्यच बुंध्याच्या पानांपासून वर निमुळते होत जाण्यात आहे, त्याला कापायचे कुठून? तळखडा लाकडाला जमिनीची ओल लागू नये म्हणून असतो, आणि पाचव्या मजल्यावर ती ओल नाही. तेव्हा तळखडे गॅलरीत तुळशीखाली जातील, फॉल्स सीलिंग होणार नाही आणि उरलेल्या अर्ध्या फुटात तुळई नेमकी बसेल.

बाकी खोलीबद्दल मी ठाम आहे. भिंती पांढऱ्या, खाली साधी कोटा फरशी, सोफा बुटका आणि बिनकोरीव. खांबांना शोभावी म्हणून प्लास्टरची सोनेरी महिरप सुचवली गेली, ती मी नाकारली. खऱ्या सागवानाशेजारी तिने दोन्ही काळांचा अपमान झाला असता.

खरी काळजी पुढेच आहे. झोपाळा तुळईला टांगायचा होता, म्हणजे खांबांना काम मिळाले असते. परंतु हेलकाव्याने ते डगमगतील, कड्या इमारतीच्या आरसीसी बीमलाच हव्यात, असे अभियंत्यांनी सांगितले, आणि ते योग्यच आहे. मग भार न पेलणारा खांब घरात उभा करावा का? केळकर संग्रहालयातला मस्तानी महालही कोथरूडहूनच हलवून पुन्हा उभारलेला. तिथे तो पाहण्यासाठी आहे, हे मला पटते. घरात मात्र वस्तू वापरात असावी, असे मला मनापासून वाटते. जुन्याचे फोटो काढावेत आणि जुने जाऊ द्यावे, यावरून आपण दादांसमोर भांडलो होतो. तुझे ते मत मला आजही मान्य नाही, तरी त्या खांबांना टेकून अभ्यास केलेला दुसरा माणूस तूच आहेस. आईने पाठ टेकावी म्हणून खांबांमध्ये सागाची रुंद बैठक करावी, असे आता मनात आहे. तुला काय वाटते?

लेकीच्या दहावीच्या यशाबद्दल अभिनंदन. नव्या नोकरीचे सविस्तर कळव. वहिनींना नमस्कार. तुझे उत्तर लवकर येऊ दे, सुतार पुढच्या आठवड्यात येणार आहे.

तुझा,
अनंत