कापसाच्या आयात शुल्कावर राज्यांना मत पाहिजे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शेती हा राज्याचा विषय आहे असं आमदारापासून पटवाऱ्यापर्यंत सगळेच सांगतात आणि घटनेतही तसंच लिहिलेलं आहे, सातव्या परिशिष्टाच्या राज्यसूचीत १४ नंबरला शेती आहे. पण आमच्या यवतमाळकडे शेती म्हणजे आधी कापूस, आणि कापसाचा हिशोब ज्या गोष्टींवर चालते त्यातली एकही मोठी गोष्ट मुंबईत ठरत नाही. हमीभाव केंद्राचं मंत्रिमंडळ ठरवते, राज्य फक्त शिफारस पाठवते. हमीभावानं खरेदी सीसीआय म्हणजे भारतीय कापूस महामंडळ करते, ते केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाचं. बीटी कापसाच्या बियाण्याच्या पाकिटाची जास्तीत जास्त किंमतसुद्धा २०१५ च्या आदेशापासून केंद्रच ठरवते, आणि बाहेर देशातून येणाऱ्या कापसावर किती शुल्क लावायचं तेही दिल्लीच. मग आमदाराकडे गेलं की तो म्हणतो हे केंद्राचं आहे, खासदाराकडे गेलं की तो म्हणतो शेती राज्याची आहे, आणि दोघंही आपापल्या जागी खोटं बोलत नाहीत, हाच तर खरा प्रॉब्लेम आहे.

१९ ऑगस्ट २०२५ ला केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी सांगितलं ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबर केली. आता हे कास्तकाराच्या बाजूनं बघा. पेरणी जूनमध्ये झाली तेव्हा ११ टक्के शुल्क होतं, त्याच हिशोबानं माणसानं ठरवलं की सोयाबीन कमी करून दोन एकर पऱ्हाटी म्हणजे कापूस जास्त लावू, बियाणं खत फवारणीचे पैसे लागून गेले, पऱ्हाटी पाते-फुलावर आली आणि तेव्हा नियम बदलला. आमचा पहिला वेचा निघते दिवाळीच्या मागेपुढे, जास्तीत जास्त माल ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये बाजारात येते, आणि बिनाशुल्क कापूस यायला सूट नेमकी त्याच महिन्यांत. हमीभाव लांब धाग्याला ८११० रुपये जाहीर झालेला होता पण आमच्याकडे खेडा खरेदीवाले सात हजाराच्या आसपासच बोलत होते, आणि किलोनं वेचाई देऊन, गाडीभाडं देऊन हातात काय राहते ते ज्याच्या घरी पऱ्हाटी आहे त्यालाच माहीत.

दुसरी बाजू मला समजत नाही असं नाही. अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ लावला, कपड्याचे कारखाने अडचणीत आले, तमिळनाडूतल्या सूतगिरण्यांना स्वस्त रुई पाहिजे होती. तिथल्या सरकारनं हे शुल्क काढा म्हणून केंद्राकडे याआधीही लावून धरलं होतं, त्यांनी त्यांच्या मजुरांचं पाहिलं, त्यात काही चुकीचं नाही. आणि सीमाशुल्क एकेका राज्याच्या हातात देता येत नाही हेही पटते, नाहीतर एक राज्य बंदरावर गाठी उतरवून घेईल आणि दुसरं अडवून बसेल, देश म्हणून व्यापारच करता येणार नाही. म्हणून ते काम घटनेनं केंद्राला दिलं ते बरोबरच आहे. पण ज्या राज्याला कापूस स्वस्त पाहिजे आणि ज्या राज्यात कापूस पिकते ती दोन्ही राज्यं एका टेबलावर बसून, समोरासमोर बोलून, हा निर्णय झाला का? तर नाही. नोटिफिकेशन निघालं आणि आम्हाला मोबाईलवर कळलं.

जीएसटीच्या बाबतीत असं होत नाही. २०१६ च्या घटनादुरुस्तीनं जीएसटी कौन्सिल केली, त्यात मताचं वजन केंद्राचं एक तृतीयांश आणि सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश आहे, ठराव पास व्हायला तीन चतुर्थांश लागते, म्हणजे केंद्र एकटं काही करू शकत नाही आणि केंद्राला सोडूनही राज्यं काही करू शकत नाहीत. बिस्किटावर टॅक्स किती लावायचा यावर महाराष्ट्राचा मंत्री मत देऊ शकतो मग कापसाच्या शुल्कावर का नाही? माझी मागणी एवढीच आहे की शेतमालाच्या आयात-निर्यातीसाठी अशीच एक कौन्सिल व्हावी, आणि पेरणीच्या आधी ठरलेलं शुल्क त्या हंगामाचा माल विकल्या जाईपर्यंत बदलायचं असेल तर पिकवणाऱ्या राज्यांच्या मताशिवाय बदलू नये.

घटनेत कापसाचं तर नावच आहे. समवर्ती सूचीत ३३ नंबरला धान्य, तेलबिया यांच्यासोबत कच्चा कापूस लिहिलेला आहे, १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीनं. म्हणजे कापसाच्या व्यापारावर दोघंही कायदा करू शकतात, पण दोघांचं जमलं नाही तर साधारणपणे केंद्राचाच चालते. २०२० मध्ये तीन कृषी कायदे आले तेव्हाही केंद्रानं ह्याच नोंदीचा आधार घेतला होता. आणि राज्यानं कधी काही केलंच नाही असंही नाही, १९७२ पासून तीसेक वर्षं कापूस एकाधिकार खरेदी योजना आपल्या राज्याचीच होती. ती पुढे तोट्यात गेली, चुकारे महिनोन् महिने अडकायचे, म्हाताऱ्या माणसांना विचारा ते आजही त्यावर चिडतात. ती जशीच्या तशी परत आणा असं मी म्हणत नाही, पण तेव्हा भांडायला कोणाच्या दारात जायचं ते तरी माहीत होतं.

हमीभावाच्या खरेदी केंद्रावरचा ओलाव्याचा नियमही असाच दिल्लीचा, तो बघा. ग्रेडर गाडीवर चढते, मॉइश्चर मीटर कापसात खुपसते आणि आकडा वाचते. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्याच्यावर प्रत्येक टक्क्याला कपात आणि बाराच्या वर गेलं की गाडी वापस. अवकाळी पावसानंतर सकाळी दवात वेचलेला कापूस बाराच्या आत कसा बसंल, पण ग्रेडरच्या हातात काहीच नाही, जिल्हाधिकाऱ्याच्या हातात नाही आणि मुख्यमंत्र्यांच्याही नाही. सोयाबीनचं २०२४ ला तसंच झालं. १२ टक्क्यांच्या वर ओल असली की घेत नव्हते, राज्यानं मागणी केली, आणि केंद्राची १५ टक्क्यांपर्यंतची सूट आली १५ नोव्हेंबरला, तीही जास्तीच्या ओलाव्याचा खर्च आणि तोटा राज्यानं सोसायचा ह्या अटीवर. हमीभाव होता ४८९२, तोपर्यंत आमच्या गावातल्या बहुतेकांनी चार हजाराच्या आसपास व्यापाऱ्याला माल घालून टाकला होता कारण सोंगणीवाले आणि थ्रेशरवाला थांबत नाहीत आणि हरभऱ्याचं बियाणं घ्यायचं होतं. तोटा जर राज्यच भरणार होतं तर तो निर्णय राज्यालाच ऑक्टोबरमध्ये का घेऊ देऊ नये? कोणत्या तालुक्यात किती पाऊस पडला हे राज्याच्या कृषी विभागाला रोज माहीत असते.

यात राज्य सरकारलाही सोडता येत नाही. केंद्र आणि राज्यांनी बसून बोलावं म्हणून घटनेच्या २६३ कलमाखाली आंतरराज्य परिषद आहे, सरकारिया आयोगानं शिफारस केल्यावर १९९० ला ती झाली, तिची शेवटची बैठक झाल्याचं मी वाचलं ते जुलै २०१६ मध्ये. बैठक बोलवा म्हणून महाराष्ट्रानं कधी जोर लावलेला आमच्या तरी कानावर नाही. केंद्रात आणि राज्यात एकाच बाजूचं सरकार असलं की आपले नेते दिल्लीला पत्र लिहायला संकोचतात आणि वेगळं असलं की पत्र लिहून फोटो काढून मोकळे होतात, कास्तकाराला दोन्हीचा उपयोग नाही. विदर्भाचे दहा खासदार आहेत. त्यांनी पक्ष बाजूला ठेवून दोन गोष्टी तरी एकत्र मागाव्या, एक शुल्कावर राज्यांचं मत, दुसरी ओलाव्याची मर्यादा हंगाम पाहून वाढवायचा अधिकार राज्याला, आणि हे जूनच्या आत व्हावं, पेरणी झाल्यावर नाही. हे पत्र मी त्या दहाही जणांना वेगळं पाठवून राहिलो, कोणाचं उत्तर आलं तर तुम्हाला कळवतो.

आपला,
एक कापूस उत्पादक, जि. यवतमाळ