‘कशावरून?’ हा प्रश्न हरिपुरात ठेवून गेलेल्या काकांना

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सामान बांधून तुम्ही मुलाकडे पुण्याला गेलात, तेव्हा मी रानात हळदीच्या काहिलीपाशी होते. हळद शिजायला टाकली की सोडून येता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी निरोप राहिला तो राहिलाच. फोन लावला तर मला दोन वाक्यांपुढे सुचणार नाही, म्हणून लिहायला बसले. आणि आपल्या हरिपुरातल्या, सांगलीतल्या चार आईबापांनीही हे वाचावं असं वाटतं, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

माझी मुलगी तुमच्याकडे, घाटावरच्या रविवारच्या विज्ञानाच्या वर्गाला, येऊ लागली दिवाळीनंतर. त्याआधी मी तिला सुट्टीतल्या एका विज्ञान शिबिराला घातलं होतं. पोटाला चिमटा घेऊन पैसे भरले होते. तीन दिवस पडद्यावर रॉकेटं उडताना दाखवली, शेवटी प्रमाणपत्र दिलं. काय शिकलीस विचारलं, तर म्हणाली, “अंतराळ खूप मोठं असतं.” तेवढंच.

तुमच्याकडच्या पहिल्या रविवारहून आली ती मात्र दारातूनच सुतळी मागत. तुम्ही घाटावर फुटबॉल ठेवलात, ही पृथ्वी म्हणालात. हातात एक मोठं लिंबू दिलंत, हा चंद्र. कुठे ठेवायचा? सगळ्या पोरांनी हातभर अंतरावर ठेवला. तुम्ही विचारलंत, “कशावरून?” पोरं म्हणाली, पुस्तकातल्या चित्रात तसाच असतो. मग तुम्ही त्यांना फुटबॉलभोवती सुतळीचे साडेनऊ वेढे घ्यायला लावलेत आणि ती सुतळी सरळ ताणायला लावलीत. चंद्र गेला साडेसहा मीटरवर, पार खालच्या पायऱ्यांपर्यंत. खरा चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे, हा आकडा तिने शाळेत पाठ केलेला होता. पण तो तिला कळला त्या दिवशी. आणि माणसं राहतात ते अंतराळ स्थानक? पोरांनी ते चंद्राच्या जवळपास नेऊन ठेवलं. तुम्ही करंगळी फुटबॉलला टेकवून दाखवलीत, याच्या जाडीपेक्षाही कमी. सुमारे चारशे किलोमीटर. सांगलीहून मुंबई जेवढी लांब, साधारण तेवढंच ते वर आहे.

त्याच आठवड्यात तिन्हीसांजेला तुम्ही ते स्थानक दाखवलंत. मीही आले होते. पलीकडच्या काठावरून एक ठळक ठिपका निघाला आणि चार-पाच मिनिटांत डोक्यावरून सरकत मध्येच विझला. मी म्हणाले, विमान असेल. माझ्याच लेकीने मला विचारलं, “कशावरून, आई?” लुकलुकणारे लाल दिवे नाहीत, आवाज नाही. खाली अंधार पडला तरी तेवढ्या उंचीवर अजून ऊन असतं, म्हणून ते चमकतं, आणि पृथ्वीच्या सावलीत शिरलं की दिसेनासं होतं. तिने मला हे हाताने दाखवून समजावलं. काका, घरात मोठ्यांना असं विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. मी त्या रात्री बराच वेळ जागी होते.

तुमची सगळी नोकरी पोलिसांच्या अंगुलीमुद्रा विभागात गेली, हे पोरांना कळल्यावर त्यांना फक्त चोर पकडायचे होते. तुम्ही सुरुवात केलीत ती आज्यांपासून. सासूबाई अजूनही नातवंडांची बोटं धरून शंख-चक्र मोजतात. तुम्ही सांगितलंत, ठसेतज्ज्ञांचं वर्गीकरणही याच आकारांवर उभं आहे, वळून परतणाऱ्या रेषा, चक्र, आणि तिसरी कमानीसारखी तऱ्हा. पोरांनी स्टॅम्पपॅडवर बोटं टेकवून एकमेकांचे ठसे वहीत घेतले आणि मोजले. पेन्सिलचं शिसं किसून त्याची पूड स्टीलच्या पेल्यावर भुरभुरवली, चिकटपट्टीने ठसा उचलला. मग तुम्ही कलकत्त्याची गोष्ट सांगितलीत. बोटांच्या ठशांची जगातली पहिली कचेरी १८९७ मध्ये तिथे निघाली, आणि हजारो ठशांतून हवा तो पटकन सापडावा म्हणून लागणारी मांडणी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी बसवली, पण ती जगभर ओळखली गेली त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांच्या नावाने. हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता, असं मुलगी म्हणाली.

आता ज्यासाठी मी हे पत्र खरं तर लिहायला घेतलं, ते.

पौषात देवळातल्या भजनाच्या पेटीतून टाळांची एक जोडी गेली. गावाबाहेर ऊसतोडीची टोळी उतरली होती. त्यांच्या कोपीतला, म्हणजे पाल्याच्या झोपडीतला, एक मुलगा रविवारी तुमच्या घोळक्याच्या कडेला येऊन बसायचा, सगळ्यांची नजर त्याच्यावर गेली. ओट्यावर बायका बोलत होत्या, आणि मीही मान डोलावली. पोरं उत्साहाने शिशाची पूड घेऊन पेटीपाशी धावली. तुम्ही त्यांना थांबवलंत. ही पेटी रोज वीस माणसं हाताळतात, म्हणालात. कोणाचा ठसा निघाला, तर त्याचा हात इथे लागला होता एवढंच तो सांगेल. चोरी कोणी केली हे ठसा सांगत नाही. मग मोठ्या माणसांकडे वळून तुम्ही तोच प्रश्न विचारलात. कोणाकडेच उत्तर नव्हतं. टाळ आजपर्यंत सापडलेले नाहीत. पण तो मुलगा पुढच्या रविवारी आला, आणि कडेला बसला नाही.

मी त्या दिवशी मान डोलावली हे तुम्ही पाहिलं होतंत. तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. त्याचेही आभार.

त्यानंतर त्या टोळीतल्या मुलानेच तुमच्या वर्गाला वळण लावलं, असं मला वाटतं. बैलाच्या शेपटीच्या गोंड्यातून काढलेली शंकेश्वराची काटेरी फळं त्याने मूठभर आणली. भिंगाखाली प्रत्येक काट्याच्या टोकाला आकडा दिसला. १९४१ मध्ये जॉर्ज द मेस्त्रल नावाच्या स्विस इंजिनिअरने कुत्र्याच्या अंगाला चिकटलेली अशीच फळं सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि त्यावरून वेल्क्रो केलं, आणि तेच वेल्क्रो पुढे चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानांत वस्तू जागेवर ठेवायला वापरलं, हे ऐकून तो स्वतःच्या सँडलचा पट्टा उघडत-मिटत बसला होता. अळवावरचं पाणी आपण म्हणतो तेवढ्यापुरतंच मला माहीत होतं. पानावरच्या बारीक उंचवट्यांमुळे आणि मेणामुळे थेंब गोळा होऊन धूळ घेऊन ओघळतो, आणि कमळाच्या पानावरचा हाच गुण पाहून आपोआप स्वच्छ राहणारे रंग केले, हे आता घरात सगळ्यांना पाठ आहे. खंड्याचंही तसंच. घाटावर रोज सूर मारणाऱ्या त्या पक्ष्याच्या चोचीवरून जपानने १९९७ च्या बुलेट ट्रेनचं नाक केलं, कारण बोगद्यातून सुसाट बाहेर पडताना गाडीचा स्फोटासारखा आवाज व्हायचा.

चांद्रयान तुम्ही या सगळ्यानंतर घेतलंत, हे मला फार आवडलं. दुसऱ्या चांद्रयानाचं लँडर २०१९ मध्ये आदळलं, त्यानंतर इस्रोने काय काय बिघडू शकतं ते एकेक तपासलं, पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, उतरायची जागा अर्धा किलोमीटरच्या चौकोनाऐवजी ४ किलोमीटर लांब आणि २.४ किलोमीटर रुंद धरली, आणि २३ ऑगस्ट २०२३ ला तिसऱ्या चांद्रयानाचं लँडर विक्रम उतरलं. “हा अपघाताचा पंचनामाच की,” मुलगी म्हणाली. आणि त्यातून उतरलेल्या प्रग्यान या छोट्या गाडीने लेझरने मातीचा कण तापवून, त्याच्या उजेडावरून तिथे गंधक आहे हे ओळखलं, तोही पंचनामाच.

मग त्या मुलाने विचारलं, उसाच्या पाल्यानं हात का कापतात? तुम्ही पानाची कड भिंगाखाली धरलीत. करवतीसारखे दाते, आणि त्यांत वाळूतला असतो तोच सिलिका. तो म्हणाला, मग दात्यांनी कापणार नाही असं काहीतरी आईच्या हाताला पाहिजे. त्यावर माझी मुलगी आणि तो तीन रविवार बसले. गोणपाट, जुनी साडी, सायकलची ट्यूब, माझ्या नवऱ्याची फाटकी जीन्स, प्रत्येक तुकडा ताणून त्यावर पाल्याची कड ओढायची आणि कितव्या ओढीला धागा तुटतो ते मोजायचं. साडी लगेच गेली. ट्यूब टिकली, पण आत घामाने हात भिजतो, असं त्याची आई म्हणाली. जीन्सच्या पायाच्या दोन बाह्या मी मशीनवर शिवून दिल्या. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, ती माउली त्या हातात चढवून तोडीला जात होती. मी रानातून येता-जाता पाहत होते.

टोळी परत गेली, दहा दिवसांनी तुम्हीही गेलात. सुतळी आमच्या खुंटीला आहे. वही मुलीकडे आहे, तिच्यात दोघांचे आकडे आहेत, आणि शेवटच्या पानावर त्याने लिहिलंय की हे सगळं वाळल्या पाल्यावर झालं, सकाळच्या दवातला ओला पाला अजून तपासायचा आहे.

पुढच्या दिवाळीनंतर टोळ्या येतील. तेव्हा आठवडाभर तरी या. तुमची खोली मी झाडून ठेवते.

तुमची,
हळदीच्या रानातली सून
हरिपूर, सांगली